गाडी थांबल्यापासून पेशंटपर्यंत

पत्र

मॅडम,
मी 29 वर्षांचा आहे. बारावीनंतर इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजीत बी.एस्सी. केलं आणि गेली सात वर्षं पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या कार्डियाक अ‍ॅम्ब्युलन्सवर आहे. आता एका पॅरामेडिकल कॉलेजात ट्यूटरची जागा मिळते आहे, पण पगार चार हजारांनी कमी. मला शिकवायला आवडतं. पुढे पीएच.डी. करून आमच्याच कामावर संशोधन करावं असं फार वाटतं. पण गाडीवरच्या माणसाला गाइड कोण मिळणार? मेलबर्नला गेलेला मित्र म्हणतो, तिथे काही होणार नाही, निघून ये. बाबा भोर डेपोला एसटीचे ड्रायव्हर होते. ते म्हणतात, चालू नोकरी सोडून मास्तरकी कशाला?

गेल्या महिन्यात वाकडला कॉल होता. पन्नाशीचे गृहस्थ, घरात कोसळलेले. बारावा मजला. गेटवर वॉचमनने आधी रजिस्टर पुढे केलं. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना. आम्ही वर पोचलो तेव्हा उशीर झाला होता. रेकॉर्डला 'रिस्पॉन्स टाइम आठ मिनिटं' लागला आणि सगळ्यांनी शाबासकी दिली. मला ती शाबासकी अजून टोचते.
कृपया अहो-जाहो करू नका, मी तुमच्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा आहे.
धायरीहून एक पॅरामेडिक

उत्तर

तू म्हणतोस म्हणून अरे-तुरे करते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. नोकरी, पीएच.डी., परदेश आणि बाबा असे चार प्रश्न तू विचारलेस. वाकडचा कॉल मात्र जाता जाता सांगितलास, मन मोकळं करावं तसा. मला विचारशील तर तुझ्या बाकी सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्या कॉलमध्येच आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आधी एक गोष्ट. ते गृहस्थ वाचले असते का, हे मी सांगू शकत नाही, तूही सांगू शकत नाहीस. हृदय बंद पडल्यावर छाती दाबायला किंवा शॉक द्यायला कोणी नसेल, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते, हे तू परीक्षेत लिहिलं असशील. तू वर पोचण्याआधी त्या घरात कितीतरी मिनिटं निघून गेली होती. फोन लावण्यात गेली, पत्ता सांगण्यात गेली, भूमकर चौकात गेली. त्या सगळ्याचं ओझं एकट्याच्या डोक्यावर घेऊ नकोस.

पण तुला जे टोचतंय ना, ते खरं आहे आणि ते जपून ठेव. आपला रिस्पॉन्स टाइम, म्हणजे फोन आल्यापासून मोजलेला वेळ, गाडी थांबली की थांबतो. पेशंट मात्र गाडीच्या दारात उभा नसतो. गाडी थांबल्यापासून त्याच्या छातीवर हात पडेपर्यंतचा वेळ आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कुठल्याच रकान्यात लागत नाही. गेट, रजिस्टर, लिफ्ट, जिना, आतून लावलेली कडी, दारातला कुत्रा, हे सगळं त्या न लिहिलेल्या मिनिटांत होतं.

हाच प्रश्न कॅनडातल्या एका पॅरामेडिकलाही पडला होता. इयान ड्रेनन त्याचं नाव. टोरांटो आणि शेजारच्या पील भागात घरात हृदय बंद पडलेल्या सुमारे 7,800 माणसांच्या नोंदी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढल्या आणि एक साधी गोष्ट पाहिली: माणूस कितव्या मजल्यावर होता? तिसऱ्या मजल्याच्या खाली असलेल्यांपैकी 4.2 टक्के जगून घरी गेले. तिसऱ्या किंवा त्याच्या वरच्या मजल्यांवरचे 2.6 टक्के. सोळाव्या मजल्याच्या वर 216 जण होते, त्यातले दोघं वाचले. पंचविसाव्याच्या वरचं कोणीच नाही. 2016 साली हे कॅनडाच्या मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं. लिफ्टची चावी अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांच्या हातात हवी, शॉकचं यंत्र, म्हणजे डीफिब्रिलेटर, तळमजल्यावर न ठेवता वरच्या मजल्यांवर किंवा लिफ्टमध्येच हवं, अशा गोष्टींवर त्यातून बोलणं सुरू झालं. यात प्रयोगशाळा नव्हती, महागडं यंत्र नव्हतं. नोंदी होत्या, आणि गाडीवर काम केल्याशिवाय सुचणार नाही असा प्रश्न होता.

आता आपलं पुणं बघ. एका टोकाला बाणेर, वाकड, हिंजवडीचे मनोरे, दुसऱ्या टोकाला पेठांतले वाडे. वाड्याला मजले दोनच, पण जिना! एकदा मी विद्यार्थ्यांना कसब्यातल्या आमच्या एका नातेवाइकांच्या वाड्यात घेऊन गेले होते. लाकडी जिना, धरायला वरून सोडलेला दोर, मधे एक तुळई अशी की मान खाली घातल्याशिवाय माणूस वर जात नाही. पेशंट म्हणून तांदळाची पन्नास किलोची गोणी चादरीत बांधून वरच्या खोलीत ठेवली आणि सांगितलं, खाली आणा. चौघांना वळणावर स्ट्रेचर फिरवता येईना. मग चादरीची चार टोकं धरून उतरले. एका मुलीच्या हातात अ‍ॅम्बू बॅग, म्हणजे दाबून श्वास द्यायची पिशवी, होती. तिसऱ्या पायरीवर दोर धरायला म्हणून तिने ती सोडली, आणि ती टपटपत खालच्या चौकात जाऊन पडली. सगळे एकदम गप्प झाले. त्या जिन्यात छाती दाबता येत नाही, श्वास देता येत नाही, हे मी वर्गात वर्षभर सांगत होते. त्यांना कळलं ते त्या क्षणी. 'उचला आणि पळा' करायचं की जिथे पडलाय तिथेच जमिनीवर आधी नीट सीपीआर द्यायचा, हा निर्णय जिना चढतानाच घ्यावा लागतो, हे त्या दिवसानंतर मला परत सांगावं लागलं नाही.

म्हणून ट्यूटरच्या जागेबद्दल माझं उत्तर: घे. पण एका अटीवर, आणि ती अट रुजू होण्याआधी लेखी घे. महिन्यातून दोन ड्युट्या गाडीवर. कॉलेज 'बघू' म्हणालं तर समज, ते होणार नाही. गाडी सुटलेला पॅरामेडिक शिक्षक दोन-तीन वर्षांत पुस्तकातलंच पुस्तकातून सांगायला लागतो. मी हे फार जवळून पाहिलं आहे. चांगली चांगली माणसं व्हायवात 'डीफिब्रिलेटरचे प्रकार सांगा' इथपर्यंत येऊन थांबली. चार हजारांचा खड्डा त्या दोन ड्युट्यांनी थोडा भरून निघेल, तेही आहेच. पण मुख्य कारण पैसा नव्हे. तुझे प्रश्न गाडीवरच जन्मणार आहेत.

शिकवायला लागशील तेव्हा पहिल्याच महिन्यात मुलांना पॅरामेडिक-2 नावाच्या औषधचाचणीबद्दल सांग. हृदय बंद पडल्यावर अ‍ॅड्रिनलीन द्यायचं, हे आपण सगळे मंत्रासारखं पाठ करतो. ब्रिटनमधल्या पाच अ‍ॅम्ब्युलन्स सेवांनी 8,014 पेशंटवर ते पारखलं. निम्म्यांना अ‍ॅड्रिनलीन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कोणत्या पाकिटात काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नाही. 2018 साली निकाल आला. तीस दिवसांनी जिवंत असलेले अ‍ॅड्रिनलीनच्या गटात 3.2 टक्के, दुसऱ्या गटात 2.4 टक्के. म्हणजे औषधाने थोडी जास्त माणसं जगली. पण मेंदू शाबूत राहून जगलेल्यांच्या संख्येत ठोस फरक दिसला नाही, आणि वाचलेल्यांत मेंदूला गंभीर इजा झालेले अ‍ॅड्रिनलीनच्या गटात जास्त निघाले. अ‍ॅड्रिनलीन त्यामुळे बंद झालं नाही. पण छाती दाबणं आणि लवकर शॉक यांना पर्याय नाही, हे मुलांच्या मनावर ठसवायला याहून चांगला धडा माझ्याकडे नाही. शिवाय ती पाकिटं रस्त्यावर, लोकांच्या दिवाणखान्यात उघडणारे हात पॅरामेडिकांचे होते, हेही त्यांना सांग.

आता संशोधन. तू 'पीएच.डी.' हा शब्द पत्रात लिहिलास, पण नेमका विषय लिहिला नाहीस. माझा आग्रह उलटा आहे. आधी प्रश्न, मग पदवी. आणि प्रश्न लहान हवा. 'भारतातील रुग्णालयपूर्व सेवेचा अभ्यास' हा प्रश्न नव्हे, ते पाटीवरचं नाव झालं. 'पुण्यात गाडी थांबल्यापासून पेशंटला हात लागेपर्यंत किती वेळ जातो, आणि तो कुठे जातो' हा प्रश्न आहे. याचं उत्तर एक माणूस दीड-दोन वर्षांत काढू शकतो.

इथे माझी एक फसलेली गोष्ट सांगते, तुझं एक वर्ष वाचावं म्हणून. मास्टर्सच्या प्रबंधाला मी हँडओव्हरचा विषय घेतला होता. गाडी कॅज्युअल्टीच्या दारात आल्यापासून पेशंट बेडवर जाईपर्यंत किती वेळ लागतो. एका मोठ्या हॉस्पिटलात बसून पाच महिने नोंदी केल्या. गाडी आल्याची वेळ पीसीआरवरून, म्हणजे गाडीवर भरायच्या पेशंटच्या नोंदपत्रकावरून, घ्यायची, पेशंट ताब्यात घेतल्याची वेळ कॅज्युअल्टीच्या रजिस्टरवरून. शेवटी रात्री जागून सगळं संगणकात भरलं आणि बेरजा-वजाबाक्या लावल्या, तर कितीतरी पेशंट गाडी येण्याआधीच बेडवर पोचलेले! गाडी 11:42 ला दारात, पेशंट 11:35 ला बेडवर. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. गाडीवरची मुलं वेळ मोबाइलवर बघून लिहायची, सिस्टर भिंतीवरच्या घड्याळात बघून. ते घड्याळ मागे होतं, आणि मधे कोणीतरी सेल बदलताना काटे अंदाजाने लावल्यामुळे किती मागे, तेही दर महिन्याला वेगळं. एकशे चाळीस फॉर्म. एकही वापरता आला नाही. त्या संध्याकाळी मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून रडले होते. नंतर वाचनात आलं की जगभर या क्षेत्रातल्या लोकांना हाच काटा टोचला होता. 1990 साली नॉर्वेतल्या उटस्टाइन नावाच्या मठात काही जण जमले, कारण प्रत्येक शहर हृदय बंद पडलेल्यांच्या नोंदी आपल्या पद्धतीने करत होतं आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. कोणती वेळ म्हणजे नेमकी कोणती, हे ठरवण्यापासून त्यांनी सुरुवात केली. तो 'उटस्टाइन' नमुना आजही आपण वापरतो. तू तुझा पीसीआर हातात घेशील तेव्हा त्याच्या शेजारी तो नमुना ठेवून बघ. काय राहिलंय ते लगेच दिसेल.

नोंदी तुझ्या हाताखालून जातात म्हणून त्या तुझ्या होत नाहीत, हेही लक्षात ठेव. पीसीआरचे मोबाइलवर फोटो काढून घरी नेऊ नकोस, उद्देश कितीही चांगला असला तरी. हॉस्पिटलची परवानगी आणि एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनातली नीती तपासणाऱ्या समितीची, मंजुरी घेऊनच पहिला आकडा लिहायचा. नाव-पत्ता काढून टाकलेल्या जुन्या नोंदींचा अभ्यास असेल तर कमिटी प्रत्येक पेशंटच्या संमतीची अट शिथिल करू शकते, पण ते कमिटीने ठरवायचं. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा शांतपणे वाच.

गाइड कोण, हा तुझा प्रश्न खरा आहे. आपल्याकडे पॅरामेडिक असलेला, स्वतः डॉक्टरेट केलेला गाइड शोधत बसलास तर म्हातारा होशील. म्हणून एकाच माणसात सगळं शोधू नकोस. एखाद्या मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिन विभागात, ज्याला सगळे अजून पीएसएम म्हणतात, तिथे अभ्यासाची आखणी शिकवणारी माणसं असतात. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये एम.डी. केलेले डॉक्टर आता पुण्यात बऱ्यापैकी आहेत. त्यांच्या विषयालाच 2009 साली मान्यता मिळाली, त्यामुळे नव्या विषयाची उपेक्षा त्यांनी नुकतीच सोसली आहे. ते तुझं ऐकतील. आणि संख्याशास्त्रासाठी गणेशखिंड रोडला विद्यापीठात जा. दोन परिच्छेदांत प्रश्न लिहून ने. आकडे गोळा केल्यावर जाऊ नकोस, आधी जा. माझे एकशे चाळीस फॉर्म आठव.

पदवीचा रस्ता असा. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला यायचे दोन मार्ग आहेत: मास्टर्सला 55 टक्के, नाहीतर चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के. तुझ्यासाठी मी मास्टर्सच सांगेन, आणि ते पब्लिक हेल्थमध्ये. कारण तुला औषधं येतात, तुला आता मोजायला शिकायचं आहे. मुंबईला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, तिरुवनंतपुरमला श्री चित्राचं अच्युत मेनन केंद्र आहे. कोणत्या पदव्या चालतात त्या अटी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या, त्या स्वतः वाचून घे, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. मास्टर्सच्या प्रबंधाला हाच जिन्या-लिफ्टचा विषय घे. पीएच.डी.ला जाशील तेव्हा हातात एक पुरं केलेलं काम असेल, आणि 'गाडीवरचा मुलगा' म्हणून तुला कोणी बाजूला सारू शकणार नाही.

आणि आपल्याकडे हे होत नाही असं म्हणणाऱ्याला डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव सांग. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होते. कोकणात विंचू चावून पोरंटोरं मरत होती. ते पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसायचे. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास, जे दिसेल ते वेळ टाकून लिहायचे. त्या टिपणांतून प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर लागू पडतं हे त्यांनी दाखवलं, आणि ते लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी त्यांचं नाव घेते ते मोठेपणा सांगायला नाही. जिथे पेशंट आधी पोचतो तिथे बसलेल्या माणसाला जे दिसतं, ते मोठ्या हॉस्पिटलच्या सातव्या मजल्यावरून दिसत नाही, म्हणून घेते. तू त्याच जागी बसला आहेस.

एक अडचण मी लपवणार नाही. आपल्या राज्यात पॅरामेडिकची जागा अजून पक्की बसलेली नाही. 108 ची सेवा 2014 मध्ये सुरू झाली, तिचं नियंत्रण केंद्र आपल्या औंधमध्येच आहे, आणि तिच्या गाड्यांवर डॉक्टर असतात, बहुतेक बीएएमएस नाहीतर बीएचएमएस. ते डॉक्टर रात्री-अपरात्री जे काम करतात त्याबद्दल मला आदर आहे. पण त्यामुळे 'मग पॅरामेडिक कशाला' हा प्रश्न तुला जन्मभर विचारला जाईल. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, हे नाव परिशिष्टात आलं. निदान कायद्याच्या कागदावर आपण आलो. पण कागदावरचं नाव रस्त्यावर उतरवायला पुरावा लागतो, आणि तो पुरावा आपल्यापैकीच कोणीतरी गोळा करायचा आहे. मला ते तुझ्याकडून हवं आहे, हे मोकळेपणाने सांगते.

मेलबर्नच्या मित्राचं चुकलेलं नाही. ऑस्ट्रेलियात डिसेंबर 2018 पासून पॅरामेडिक हा देशभर नोंदणी असलेला व्यवसाय आहे, तिथल्या विद्यापीठांत या विषयाचे विभाग आहेत, प्राध्यापक आहेत. शिकायला जरूर जा. पण मास्टर्स आणि हा एक अभ्यास हातात घेऊन जा. आत्ता गेलास तर तिथल्या नोंदणीच्या मागे आणि भाड्याच्या मागे चार वर्षं जातील, आणि वाकडचा प्रश्न विसरशील.

राहिले बाबा. त्यांना पीएच.डी. समजावू नकोस. त्यांच्याशी वेळेबद्दल बोल. ज्यांनी आयुष्यभर भोर डेपोतून गाडी काढली, त्यांना सुटायची वेळ आणि पोचायची वेळ यातलं अंतर कुठे कुठे खर्च होतं हे तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. कापूरहोळच्या फाट्यावर किती, कात्रजच्या घाटात किती, स्वारगेटच्या आत शिरायला किती. त्यांना विचार, कंट्रोलरच्या केबिनमधलं घड्याळ आणि तुमचं मनगटावरचं घड्याळ कधी जुळायचं का? मग वाकडचं सांग. पगाराचा हिशोबही कागदावर मांडून दाखव, दोन ड्युट्यांसकट. बाप माणूस आहे, काळजी पैशाची कमी आणि तुझी जास्त असते.

आता एवढंच कर. पुढच्या ड्युटीला गाडीतल्या मोबाइलवरची वेळ, कॅज्युअल्टीच्या भिंतीवरच्या घड्याळाची वेळ आणि मॉनिटरच्या पट्टीवर छापून येणारी वेळ, तिन्ही एकाच मिनिटाला बघून वहीत लिही. किती फरक निघाला ते मला कळव.